दोष-दुरुस्तीचं वर्ष

निखतनं हातातल्या किल्लीनं भिंत ठोकली. वीतभर पुढं सरकून परत ठोकली. तिसऱ्या ठिकाणी आवाज पोकळ आला, कच्च्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. तिनं पर्समधला खडू काढला, तिथं ताटाएवढा गोल काढला आणि मागं न बघता म्हणाली,

"शेषराव, एवढं प्लास्टर उतरवा. आत्ता."

शेषराव ठेकेदार दारात उभा होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं.

"मॅडम, पोट्टे येऊन बसले ना हॉलात. त्यायच्या खिचडीत धूळ पडंन."

"मंगळवारी याच भिंतीवर गोल काढून गेली होती मी. तुमी गोल पुसला, भिंत तशीच ठेवली."

"पुसला नाही जी. त्याच्यावर रंग मारला."

पायरीवर टेकलेल्या दोघी रेजा, मालमसाला वाहणाऱ्या बाया, पदरात हसल्या. शेषरावानं त्यांच्याकडं डोळे वटारले आणि मग स्वतःही हसला. या बाईशी वाद घालून कुणी जिंकत नाही, हे अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या ठेकेदारांना पाठ झालं होतं. आपसात ते तिला 'अटवाली' म्हणत. तिच्या कानावर ते आलं होतं आणि तिला त्याचा राग नव्हता.

"गंगूबाई," शेषरावानं हाक दिली, "घमेलं घ्या वं. मिस्त्री प्लास्टर पाडून राह्यला, तुमी मलबा उचला."

दोघींतली उंच बाई उठली.

ते दोन हजार सहा साल. त्या वर्षी वऱ्हाडात, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांमागं, पावसाच्या आधी जीपा आल्या. दिल्लीच्या आल्या, मुंबईच्या आल्या, दारावर परदेशी अक्षरं रंगवलेल्याही आल्या. माणसं उतरायची, फोटो काढायची, बाटलीतलं पाणी प्यायची, डोळे पुसायची आणि उन्हं कलायच्या आत अमरावतीच्या हॉटेलात पोचायची. निखतची संस्था त्यातल्या त्यात बरी. तिथंच राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर तिच्या दोन खोल्या होत्या, आणि ती निदान मागं विटा-सिमेंट तरी ठेवून जायची. गावोगावची कमावती माणसं सुरतला, पुण्याला निघून गेलेली. लेकरं म्हाताऱ्यांच्या गळ्यात. त्या लेकरांसाठी चांदूर रेल्वे गावाच्या बाहेर पन्नास खाटांचं वसतिगृह बांधून होत आलं होतं. टेंडर काढण्यापासून शेवटच्या दाखल्यावर सही करण्यापर्यंत सगळा करार निखतच्या अंगावर. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, पॉलिटेक्निकातून डिप्लोमा घेतलेली, छत्तिशी गाठलेली, बिनलग्नाची बाई. तिची आई हलीमाबी तिला जेवायला वाढताना रोज म्हणायची, "दुनियाभर के बच्चों के घर बनाती फिरती तू." पुढचं वाक्य हलीमाबी गिळायची. ते निखतला तसंही ऐकू यायचं.

काम तीन आठवडे मागं पडलं होतं आणि शाळा सव्वीस जूनला उघडणार होती. म्हणून रंगाचा वास जायच्या आधीच पहिली एकवीस लेकरं आज आणून बसवली होती. हॉलात दोन रांगा, ताटात गरम खिचडी.

निखत हॉलाच्या दारापाशी यादी घेऊन उभी होती. गंगूबाई मलब्याचं घमेलं डोक्यावर घेऊन रांगेच्या मधून निघाली. एका टोकाला सहा वर्षांचं पोरगं बसलं होतं. त्यानं वर पाहिलं आणि त्याचं तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत शेजारच्या पोरीनं खिचडीचा घास त्याच्या तोंडात कोंबला.

"खाय. भूक लागली ना तुले. खाय."

पोरगं घासासकट तिच्याकडं बघत राहिलं. पोरीनं मान खाली घालून स्वतःच्या ताटात बोट फिरवलं. गंगूबाईची चाल मोडली नाही. फक्त आठ महिने जी बाई एका हातानं घमेलं धरून चढावर चढली होती, तिनं आज सपाट फरशीवर दोन्ही हात घमेल्याला लावले होते.

निखतला घमेली मोजायची सवय होती. कराराच्या कामात ती आपोआप लागते. तेवढ्या प्लास्टरचा मलबा तीन घमेल्यांत जातो. गंगूबाईनं सात खेपा केल्या, आणि मागचं दार चार पावलांवर असताना साती खेपा हॉलातून केल्या. शेवटच्या घमेल्यात ओंजळभर माती होती.

निखतनं यादीवर बोट ठेवलं. करिश्मा, वय नऊ. रोहित, वय सहा. पालक, आजी माणिकबाई. वडील, सुरतेला, संपर्क नाही. आई, बेपत्ता. खाली गावाचं नाव. मग तिनं बगलेतला हजेरीचा मस्टर उघडला. गंगूबाईच्या नावापुढं तेच गाव.

आता इथं अट क्रमांक सतरा सांगायला हवी. कामावरच्या कुणाही माणसाचं, मग तो ठेकेदार असो, मिस्त्री असो की रेजा, जवळच्या नात्यातलं लेकरू त्या इमारतीत घेता येणार नाही. काम चालू असताना नाही, आणि काम संपल्यावर दोष-दुरुस्तीचं, म्हणजे निघेल तो दोष ठेकेदारानं भरून द्यायचं, जे एक वर्ष असतं, तेवढ्यातही नाही. ही अट निखतनंच लिहिली होती. तीन वर्षांपूर्वी अकोल्याकडं असंच एक वसतिगृह उभं राहिलं, आणि उघडायच्या दिवशी ठेकेदाराचे दोन भाचे, मिस्त्रीचा पुतण्या, टँकरवाल्याची पोरगी, असे घरचेच पाहुणे खाटांवर. बाहेर फाटकाशी एक म्हातारी दोन नातवंडं घेऊन दोन दिवस बसली होती. तिसऱ्या दिवशी ती नव्हती. कुठं गेली ते निखतला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या आठवड्यात तिनं अट सतरा लिहिली. एक शब्द इकडंतिकडं होणार नाही अशी लिहिली, आणि त्यानंतर तिचा तिला फार अभिमान होता.

हौदावर गंगूबाई हात धूत होती. निखत नळाजवळ जाऊन उभी राहिली.

"तुमचं गाव कोणतं, गंगूबाई?"

"मस्टरवर हाये जी."

"मस्टरवर आहे. आणखी एका कागदावर आहे."

गंगूबाईनं नळ बंद केला. परत सुरू केला.

"त्या पोरीनं काही केलं का, मॅडम?"

"तिनं काहीच नाही केलं. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्यावरूनच कळलं."

पाणी वाहत राहिलं. उन्हाळ्याच्या शेवटाला चांदुरात वाहतं पाणी कुणी असं सोडत नाही. निखतनंच हात लांबवून तोटी फिरवली.

"आई बेपत्ता, असं लिहिलंय कागदावर."

"मीच लिवाले लावलं. सासूले म्हनलं, माय पळून गेली म्हनून सांग. मेली म्हनलं असतं तं दाखला मांगतला असता. पळून गेलेल्या बाईले कोनी शोधत नाही." तिनं ओले हात लुगड्याला पुसले. "दोन सालापासून विहीर आटली, मॅडम. वांगे, संबार असा भाजीपाला लावत होतो आमी, इथंच बजारात इकत होतो. आता सासूले दिसत नाही. रोहित चुलीत पडता पडता राह्यला. म्हनलं आपूनच पाया खोदून राह्यलो, लेकरायले गच्ची भेटली तं भेटली. नाव देल्यावर शेषरावभाऊनं ते अट वाचून दाखोली. म्हने, आता काम सोडलं तरी नाव मस्टरवर राहतेच."

"मग?"

"मंग काय. पोरीले शिकवलं. मले पाह्यलं तरी वळखाचं नाही. बोलाच लागलं तं मावशी म्हनाचं. तिनं आयकलं." तिनं हॉलाकडं पाहिलं. "त्याले नाही शिकवता आलं. लहान हाये."

प्लास्टर पाडणाऱ्या मिस्त्रीचा हातोडा आतून ऐकू येत होता.

"कोन लिवत असंन अशा अटी?" गंगूबाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारात भाव विचारावा तसं तिनं विचारलं. "त्याले लेकरंबाळं नसतीन."

"मी लिहिली."

गंगूबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत नाही, नुसतं तोंडाकडं.

"मंग बराबरच लिवली असंन," ती म्हणाली आणि घमेलं उचलायला वाकली.

शिव्या खाल्ल्या असत्या तर निखतला सोसलं असतं. ठेकेदारांच्या तिनं ढिगानं खाल्ल्या होत्या.

"ते घमेलं ठेवा," ती म्हणाली. "ऐका. मी कुठं काही लिहीत नाही. यादी आहे तशी जाईल. पण भेटीच्या रजिस्टरवर नाव आणि नातं लिहावं लागतं, आणि ते रजिस्टर दर महिन्याला राजापेठेत येतं. वर्षभर इथं पाय ठेवायचा नाही. पुढच्या जूनमध्ये अट संपते. मग या, आई म्हणून या. तोवर कुणी विचारलं तर तुमी यांना ओळखत नाही."

गंगूबाईनं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. जून, जुलै, ऑगस्ट. एका हाताची पेरं संपली आणि ती पहिल्या पेरावर परत आली.

"रोहित सहाचा हाये," ती म्हणाली. "सालभरानं त्याले माहं तोंड..."

हॉलातून ताटं धुवायला घेऊन लेकरं हौदाकडं निघाली होती. गंगूबाई वळली आणि मागच्या दारानं निघून गेली.

त्या संध्याकाळी निखतनं शेवटच्या दाखल्यावर सही केली. यादीवरही केली. पण बडनेऱ्याला घरी आल्यावर तिनं आईच्या हातून न घेता स्वतःच वाढून घेतलं.

शेषरावाचं पुढचं काम बडनेऱ्यातच निघालं, अंगणवाडीच्या तीन खोल्या. करार निखतचाच. गंगूबाई तिथं विटा वाहायला होती. निखत आठवड्याला यायची, किल्लीनं भिंती ठोकायची, गोल काढायची. गंगूबाई काम थांबवायची नाही. शेजारून जाताना विचारायची.

"ते चांदूरची बिल्डिंग कशी हाये जी? गळत-बिळत तं नाही?"

"गळत नाही."

"खिडक्या लागतात का नीट? लहान्या खोलीची एक खिडकी अडकत होती."

"रंधा मारला. आता लागते."

"रातचे लावतात ना? रातच्याले थंडी वाजते." आणि मग डोक्यावरच्या विटा सावरत, "खिडकीपाशी जे निजतात त्यायले."

निखत चांदूरला जाऊन आली की या उत्तरांची तयारी करून यायची. तिथं ती रोहितला बघायची. पहिल्या महिन्यात तो दर सांजेला फाटकाचे गज धरून उभा राहायचा, असं वॉर्डन आशाबाईनं सांगितलं. दुसऱ्या महिन्यात तो फाटकाकडं जाईनासा झाला. आशाबाईला त्याचं बरं वाटलं होतं. "रुळला पोट्टा," ती म्हणाली.

निखतनं गंगूबाईला सांगितलं की फाटकाला गंज धरत होता, रंग दिला. बाकीचं सांगितलं नाही.

ऑगस्टात पाऊस मुरला आणि चांदूरच्या काळ्या मातीनं आपला हिसका दाखवला. ही माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि वरची इमारत बिचारी मधल्या मध्ये हलत राहते. मुलींच्या खोलीत खिडकीशेजारी वरच्या तुळईच्या वीतभर खालून फरशीच्या वीतभर वरपर्यंत एक केसाएवढी भेग उतरली. निखतनं ती पाहिली, वरच्या आणि खालच्या टोकाला पेन्सिलीनं आडव्या खुणा केल्या, तारीख टाकली. अशा भेगेवर बारीक काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवतात, एक वर, एक मध्ये, एक खाली. भिंत पोह्याएवढी सरकली तरी काच तडकते. दर महिन्याला ठेकेदाराच्या माणसानं येऊन काचा पाहायच्या आणि कागदावर खूण करायची. लागोपाठ तीन महिने शाबूत राहिल्या, की भेग मेली म्हणायचं, बुजवायची आणि मोजणी बंद.

"मिस्त्रीले पाठवतो," शेषराव म्हणाला.

"मिस्त्री चांदूरच्या स्टेशनावर चहा पिऊन परत येतो. गंगूबाईला पाठवा."

"रेजाले काचा पाहाले?"

"तिला बरोबर की चूक एवढी खूण करता येते. दोष-दुरुस्तीचं काम आहे, तिचं नाव मस्टरवर आहे. अट काय म्हणते, ठेकेदाराचा माणूस. बाई माणूस नाही का?"

शेषरावानं खिशातलं न चालणारं पेन काढलं, परत ठेवलं.

"तुमच्या अटी तुमालेच ठाऊक, मॅडम," तो म्हणाला. "जाईन ते." आणि पाच पावलं गेल्यावर वळून म्हणाला, "पयल्या शनिवारी पाठवतो. शाळा सकाळची राहते त्या दिवशी. दुपारी पोट्टे खोलीतच असतात."

निखतला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

सप्टेंबरात गंगूबाई गेली. बडनेऱ्याहून पॅसेंजरनं गेली, धुतलेलं लुगडं नेसून गेली. आशाबाईनं निखतला फोनवर सांगितलं, "ते बाई तीन काचा पाहाले एक तास घेते जी. एवढं तं कोनी नवरीलेही पाहत नाही. करिश्मा म्हनून एक पोरगी हाये, तेच तिले दाखोते. हे पाय मावशी, ते पाय मावशी. बाई नुसती हो हो करते." कागदावर तीन बरोबरच्या खुणा आल्या. इतक्या दाबून काढलेल्या की मागच्या बाजूनंही दिसत होत्या.

ऑक्टोबरात परत गेली. परत तीन खुणा. त्या सोमवारी अंगणवाडीच्या कामावर गंगूबाईनं निखतला आपण होऊन गाठलं. हातात वीट नव्हती, डोक्यावर घमेलं नव्हतं. निखतनं तिला अशी रिकामी उभी कधी पाहिली नव्हती.

"मॅडम, आता रोहितही मावशी म्हनते."

"शिकवलं असेल करिश्मानं."

"नाही. तिले म्या इचारलं. तिनं नाही शिकवलं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मुलींच्या खोलीत बहिनीपाशी आला होता. माह्याकडं पाह्यलं. म्हने, मावशी, तुमच्यापाशी पेन हाये का."

गंगूबाई उत्तरासाठी थांबली नाही. ती विटांच्या ढिगाकडं गेली आणि रोजच्या सहाऐवजी आठ विटा डोक्यावर रचून घेतल्या.

नोव्हेंबरातली खेप तिसरी. गंगूबाई शुक्रवारपासूनच वेगळी दिसत होती. या वेळी काचा शाबूत राहिल्या की येणं बंद, हे तिला माहीत होतं. आशाबाईनं मागच्या खेपेला साऱ्या मुलींसमोर थट्टा केली होती, "एकच खेप राह्यली गंगूबाई, काचा टिकल्या का तुमची सुट्टी." निखतनं हिशेब लावून पाहिला होता. डिसेंबर ते जून, सात महिने. दुसरी कुठली अट त्यात बसते का, हे तिनं दोन रात्री करार चाळून पाहिलं. बसत नव्हती. करार तिनं चांगला लिहिला होता.

शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला निखतचा फोन वाजला. मागं कॉइन बॉक्सचा खरखराट आणि गंगूबाईचा श्वास.

"मॅडम, भित सरकून राह्यली. काच फुटली. तुमी या. आत्ता या. पोरी त्याच भितीखाली निजतात. त्यायले दुसरीकडं हलवा, मॅडम, माह्या..." नाणं संपलं आणि फोन तुटला.

निखत मिळाली ती गाडी धरून चांदूरला उतरली. वसतिगृहावर पोचली तेव्हा मुलींच्या खोलीतल्या साऱ्या खाटा गंगूबाईनं भिंतीपासून ओढून मधोमध आणलेल्या होत्या. एकटीनं. आशाबाई दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"ऐकतच नाही जी. म्हने खोली रिकामी करा. मुली बाहेर काढल्या म्या, हे एक पोरगी तेवढी हटत नाही."

करिश्मा खिडकीखाली उभी होती. उजवा हात फ्रॉकच्या खिशात.

गंगूबाईचा चेहरा मातीचा झाला होता. "पाहा," ती म्हणाली. "पाहा, मॅडम."

निखत भिंतीपाशी गेली. वरची पट्टी शाबूत होती. मधली, तिच्या खांद्याच्या उंचीवरची, शाबूत. खालची फुटली होती. भेगेची दोन्ही टोकं तिच्या पेन्सिलीच्या खुणांशीच थांबलेली. गवताच्या काडीएवढीही पुढं गेली नव्हती. भेग रुंद होती ती वर. भिंत हलली असती तर वरची काच आधी गेली असती. निखत उकिडवी बसली. फुटक्या काचेच्या मधोमध पांढरा ठिपका होता, दगड बसल्यावर पडतो तसा, आणि कडेला वाळलेल्या रक्ताची तपकिरी रेघ.

तिनं मान वळवली. तिच्या डोळ्यांसमोर फ्रॉकचा खिसा होता. खिशाला डाग होता.

"पडंन का?" मागून गंगूबाईनं विचारलं.

"नाही. भिंत पडत नाही. मी माझ्या नावावर सांगते. खाटा परत लावा."

"मंग काच कावून फुटली?"

निखत उठली. गुडघे झाडले. इतक्या वर्षांत तिनं भिंतीबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं. ठेकेदारांनी मिनतवाऱ्या केल्या, धमक्या दिल्या, एकानं तर तिच्या दारात मिठाईचे डबे ठेवले, तरी नाही.

"काळी माती आहे," ती म्हणाली. "तिचा काय भरवसा. लक्ष ठेवावं लागेल. मोजणी पहिल्यापासून."

"पयल्यापासून म्हंजे?" आशाबाईनं विचारलं.

"म्हणजे परत तीन महिने. गंगूबाई येतील दर महिन्याला."

करिश्मानं मान वर केली. गंगूबाईची नजर तेव्हा तिच्याकडं गेली, आणि मग त्या खिशाकडं. तिनं भेगेकडं पाहिलं. परत खिशाकडं. तिच्या ओठांचा चंबू झाला, जसा फुंकर घालायच्या आधी होतो.

"हात दाखव," ती म्हणाली.

पोरगी आशाबाईकडं बघायला लागली.

"दाखव ना वं मावशीले," आशाबाई म्हणाली. "खेळता खेळता कापलं म्हनते जी, सकाळपासून धुऊ देत नाही."

परक्या लेकराचंही बोट बांधता येतं. त्याला कुठली अट आड येत नाही. गंगूबाईनं धुतलेल्या लुगड्याच्या पदराची काठाकडची चिंधी दातानं फाडली आणि पोरीच्या बोटाला गुंडाळत राहिली. एक वेढा पुरला असता. तिनं सहा-सात दिले. गाठ मारली, सोडली, परत मारली.

निखतनं त्यांच्याकडं पाठ केली आणि फुटक्या काचेचे तुकडे भिंतीवरून खरवडून कागदात गोळा केले.

"नवी काच आनाले सांगू का गड्याले?" आशाबाईनं विचारलं. "अन् शिडी? वरतीच लावाल ना आता, पोरींच्या हाताबाहेर?"

"शिडी नको. काच पण नको. छताला वापरतात ते पीओपी आहे का स्टोअरमध्ये? वाटीभर पुरे."

आशाबाई आणायला गेली. निखतनं वाटीत पाणी घालून ते कालवलं आणि फुटलेल्या काचेच्याच जागी, नऊ वर्षांच्या पोरीच्या छातीएवढ्या उंचीवर, भेगेवर आडवी पातळ पट्टी ओढली. बोटानं कडा सारख्या केल्या. ओल्या पट्टीवर काडीनं तारीख कोरली.

"ही उद्यापर्यंत वाळते," ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. "मग नखानंही तुटते. हात कापत नाही."

करिश्मानं बांधलेलं बोट पाठीमागं लपवलं.